फोनवरचा इलाज

गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी अश्विन भोयरचा फोन वाजला. सावनेर रोडवरच्या मनोहररावांच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, लहानूजी बोलत होते. लहानूजी वजनकाट्यावर बसत. कापसाची गाडी आत येताना भरलेली तोलायची, जाताना रिकामी तोलायची आणि दोन्ही वजनांची पट्टी द्यायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम.

"भाऊ, पुण्याहून बोलून राहिले का?"

"पुणे? नाही जी, घरीच आहो. मानेवाड्यात."

"हं? सुट्टीवर आले असान. बरं झालं मंग. इथं काटा बंद पडला. स्क्रीनवर तुमचा नंबर येऊन राहिला."

"माझा नंबर?"

"नाव बी तुमचंच. 'जावा होम सापडलं नाही, अश्विनला फोन करा.' म्हून केला. एकतीस गाड्या आत अडकल्या भाऊ. ड्रायव्हर लोकं मले कच्चा खाऊन राहिले."

पुण्याचं बोलणं अश्विनने गमतीवर नेलं. लहानूजींना फिरकी घ्यायची सवय होती. त्याने लॅपटॉप पिशवीत टाकला, आई सुभद्राबाईंना सावनेरकडे जाऊन येतो म्हणून सांगितलं आणि मोटरसायकल काढली.

काट्याचा प्रोग्राम त्याने आठ वर्षांपूर्वी लिहिला होता. प्रोग्राम जावा भाषेत होता आणि उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा. उबुंटू फुकट मिळते, त्यामुळे जिनिंगवाल्यांना त्याचा भार नव्हता आणि व्हायरसची कटकटही नव्हती. सावनेर-काटोल पट्ट्यातल्या नऊ जिनिंगांमध्ये तो चालत होता. प्रोग्राम लिहिणं आणि मशीन बसवणं अश्विनकडे, फोन घेणं कामिनीकडे. कामिनी त्याची धाकटी बहीण. लग्न होऊन ती नंदनवनला गेली, तरी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ती मानेवाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत फोनपाशी बसलेली असायची. सप्टेंबरमध्ये तिने ते थांबवलं. सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि घरी कोणीतरी हवं होतं. नवरा धर्मेंद्र हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, त्याच्या शिफ्ट बदलत्या. अश्विनने जास्त विचारलं नाही. पुढच्या खोलीतला फोन त्याने आपल्या मोबाइलवर वळवून घेतला.

मग हंगाम सुरू झाला आणि फोन फारसे आलेच नाहीत. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून अकरा फोन, तेही दोनच जिनिंगांमधून. बाकीच्या सात गप्प. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. प्रोग्राम आता पक्का झाला, असा अर्थ त्याने काढला, आणि तो अर्थ त्याला आवडलाही होता.

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे शहरातले रस्ते अडवलेले होते. तो रिंगरोडने मानकापूरला निघाला. कोराडीपाशी कोळशाच्या ट्रकांमागे वीस मिनिटं गेली. जिनिंगच्या गेटवर पोचला तेव्हा अकराला पाच कमी होते.

गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप आणि मेटाडोरची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आवारात कापूस खाली करून मोकळ्या झालेल्या गाड्या काट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. ड्रायव्हर ट्रॉलीच्या सावलीत बसलेले.

"आले बापा कम्प्युटरवाले."

"हे तेच का? का अजून दुसरे येतेत?"

"भाऊ, मशीनले नजर लागली तुमच्या. लिंबू-मिरची बांधा."

"लिंबू कायले, याह्यलेच बांधून ठेवा. जाऊ द्यायचे नाही."

अश्विन हसला आणि काट्याच्या केबिनमध्ये गेला.

वजन दाखवणारा डबा चालू होता. म्हणजे काटा बिघडला नव्हता, बंद होता तो कॉम्प्युटर. बाहेरच्या गाड्यांना थांबवता आलं असतं, अडचण आतल्या एकतीस गाड्यांची होती. त्यांचं भरलेलं वजन सकाळी कॉम्प्युटरने नोंदवलं होतं आणि कापूस गंजीत मिसळून गेला होता. आता ते वजन फक्त मशीनच्या पोटात होतं. पट्टी हाताने लिहायची म्हटली तरी आकडा कुठून आणणार? त्यातून मनोहररावांचा हुकूम होता की हाताची पट्टी द्यायची नाही. दोन वर्षांपूर्वी हाताने लिहिलेल्या एका पट्टीवरून गेटवर मारामारी झाली होती आणि ठाण्यात जावं लागलं होतं.

"तुम्ही तं जाडे झाले भाऊ," लहानूजी म्हणाले. "पुण्याचं पाणी मानवलं."

"लहानूजी, मी पुण्याले गेलोच नाही."

"असं कसं? कामिनीताईनं सांगतलं न. भाऊले मोठी नोकरी लागली, आता भाऊ नाही येत, आम्हीच येऊ."

अश्विनने खुर्ची ओढली. समोरचा कॉम्प्युटर त्याने बसवलेला नव्हता. काळा, पातळ, अजून एका बाजूला प्लास्टिक चिकटलेलं.

"हे मशीन केव्हा आलं?"

"दसऱ्याच्या नंतर. कामिनीताई आन् धर्मेंद्रजी येऊन बसवून गेले. नवीन व्हर्जन म्हणे." लहानूजी थांबले. "तुमचंच तं होय न भाऊ?"

"बंद कसं पडलं?"

"लाइट गेली सव्वानवाले. यूपीएस दोनदा ओरडला आन् मेला. जनरेटर चालू झालं, मशीन चालू झालं, मी काळी खिडकी उघडून 'काटा' टाइप केलं, तं हे आलं."

आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत एक ओळ होती. तिच्यात अश्विनचं नाव होतं आणि त्याचा मोबाइल नंबर. ती ओळ आठ वर्षांपूर्वी त्यानेच लिहिली होती. ती एकाच वेळी दिसते. प्रोग्राम सुरू होताना मशीनला दोन पत्ते माहीत असावे लागतात, जावा कुठे ठेवली आहे आणि काट्याचा डेटा कुठे आहे. या पत्त्यांना नावं असतात, त्यांनाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. पहिल्याचं नाव जावा होम, दुसऱ्याचं काटा होम. हे पत्ते काळ्या खिडकीत टाइप केले तर ती खिडकी उघडी असेपर्यंत मशीनच्या लक्षात राहतात. खिडकी बंद झाली की मशीन ते विसरते. कायमचे हवे असतील तर ते बॅशआरसी नावाच्या एका फाइलमध्ये लिहावे लागतात. काळी खिडकी उघडली की मशीन आधी ती फाइल वाचते, मग कितीही वेळा लाइट गेली तरी फरक पडत नाही.

अश्विनने बसवलेल्या प्रत्येक मशीनवर दोन्ही ओळी त्या फाइलमध्ये असत. म्हणून ती पांढरी ओळ फारशी कोणी पाहिली नव्हती.

त्याने फाइल उघडली. तिच्यात यातलं काहीच नव्हतं.

टेबलावरच्या ट्रेमध्ये आदल्या दिवशीच्या पट्ट्या पडल्या होत्या. त्याने एक उचलली. वर मोठ्या अक्षरांत 'सुवजन' असं नाव होतं आणि खाली धर्मेंद्रचा मोबाइल नंबर. मधला मजकूर ओळखीचा होता. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'ड्रायव्हर: आत'. गाडी तोलताना ड्रायव्हर गाडीत बसला होता की खाली उतरला होता, हे विचारण्याची कल्पना लहानूजींची होती. एका माणसाच्या वजनावरून भांडणं होत. चार वर्षांपूर्वी अश्विनने तो प्रश्न प्रोग्राममध्ये घातला. दुसऱ्या कोणाच्याही प्रोग्राममध्ये तो नव्हता.

त्याने प्रोग्रामचं फोल्डर उघडलं. फाइलींची नावं तीच, आतला मजकूर तोच. जिथे जिथे ग्राहकाच्या डोळ्यांना दिसेल तिथे नाव बदललं होतं. ती एक ओळ तेवढी राहिली होती, कारण बदलणाऱ्याने ती कधी पाहिलीच नसावी. फोल्डर तयार झाल्याची तारीख अकरा ऑक्टोबर होती. भाऊबीज तेवीसला होती. कामिनीने त्याला ओवाळलं होतं, धर्मेंद्र पाटावर शेजारी बसला होता आणि अश्विनने त्याला शर्टाचं कापड दिलं होतं.

"काय झालं भाऊ? मोठा बिघाड हाय का?"

"नाही. छोटाच आहे."

मॉनिटरच्या मागे भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. निळ्या पेनाने तीन सूचना लिहिल्या होत्या. त्यातली तिसरी अशी: 'काळी खिडकी बंद करू नये.' अक्षर गोल आणि उजवीकडे कललेलं. आठ वर्षांच्या फोनच्या वह्या त्याच अक्षरात भरलेल्या होत्या.

ती सूचना कुठून आली, हे अश्विनला ठाऊक होतं. एखाद्या ठिकाणी कोणाच्या हातून त्या फाइलमधल्या ओळी पुसल्या गेल्या आणि काटा अडला, की कामिनी फोनवरून दोन ओळी सांगायची, समोरचा माणूस त्या काळ्या खिडकीत टाइप करायचा आणि काटा सुरू व्हायचा. दोघं त्याला फोनवरचा इलाज म्हणत. शेवटी ती प्रत्येकाला एक वाक्य सांगे, "उद्या दादा येईपर्यंत काळी खिडकी बंद करू नका." दुसऱ्या दिवशी अश्विन जाऊन फाइलमधलं काम करून येई. फोनवरून कोणाला ती फाइल उघडायला लावायची नाही, हा नियम त्याचाच होता. एक चूक झाली तर काळी खिडकीही नीट उघडत नाही. कामिनीने कधी विचारलं नाही की तू तिथे जाऊन काय करतोस, आणि त्यानेही सांगितलं नाही. गरज पडली नव्हती.

या कागदावर 'उद्या दादा येईपर्यंत' हे शब्द नव्हते. तिने अर्ध्या इलाजालाच पूर्ण इलाज समजून मशीन बसवलं होतं. दोन महिने खिडकी उघडी राहिली, म्हणून काटा चालला.

मनोहरराव आले. साठीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दारातूनच म्हणाले, "अरे, अश्विनराव! पुण्याहून केव्हा आले?"

"मनोहरराव, मी पुण्याला गेलो नव्हतो. मी इथेच आहे. हा प्रोग्राम माझा आहे आणि तो मी तुम्हाला दिलेला नाही."

मनोहररावांनी लहानूजींकडे पाहिलं. लहानूजींनी खिडकीबाहेर पाहिलं.

"आम्हाले तं सांगतलं की तुम्ही नोकरीले लागले. तुमच्या मर्जीनंच बहिणीले सोपवलं."

"आणखी कोणाला सांगितलं?"

"सातही जणांले. दसऱ्याच्या आधी आमचं जेवण होतं जिनिंगवाल्यांचं, तिथं दोघं आले होते. पेढे बी वाटले तुमच्या नोकरीचे."

"तुम्ही खाल्ले?"

"खाल्ले न. कंदी पेढे होते." मनोहरराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "हे पाहा, मले माहीत नव्हतं. पण तुमचं भाऊ-बहिणीचं तुम्ही घरी पाहा. माझ्या एकतीस गाड्या काढून द्या. किती वेळ लागते?"

"एक मिनिट."

"मंग करा न बापा."

"करत नाही."

बाहेर कोणीतरी हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. मनोहरराव ओरडले, "थांब रे!" हॉर्न थांबला, मग दुसऱ्याने सुरू केला.

अश्विन फोन घेऊन केबिनच्या मागे गेला. कामिनीने दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोल दादा."

"मनोहररावांच्या काट्यावर आहे मी."

मागे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"तू काहून गेला तिथं?" ती म्हणाली.

"स्क्रीनवर माझा नंबर आला. लाइट गेली होती."

"नंबर कसा येईल? मी सगळीकडून काढला—" ती थांबली.

"एक राहिला."

"दादा, मी तुले सांगणारच होती."

"केव्हा?"

"हंगाम झाला की."

"आणि पुणे? पेढे?"

"ते धर्मेंद्रचं होतं. मी म्हटलं होतं, असं नको सांगू. पण मंग लोकं विचारतीलच न, की अश्विनभाऊ काहून नाही आले." तिचा आवाज चढला. "आठ वर्षं दादा. आठ वर्षं फोन मी उचलला. शिव्या मी खाल्ल्या. त्या काटोलवाल्यानं मले काय काय म्हटलं, तुले सांगतलं तं तू म्हणे, हसून सोडून दे. लोकं मले ओळखतेत, तुले नाही. पट्टीवर नाव तुझं."

"मग मला म्हणायचं, माझं नाव टाक."

"म्हटलं असतं तं टाकलं असतं तू?"

अश्विनने विचार केला. "नाही," तो म्हणाला. "बहुतेक नसतं टाकलं."

"पाहा."

"पण तू विचारलं असतंस, तर मी नाही म्हणालो असतो आणि तुला कळलं असतं. मला कळायला दोन महिने लागले. तेही एका चुकीमुळे."

"मी चोरी नाही केली. ते आपलंच होतं."

"मग लपवलं काहून?"

कामिनीने विचारलं, "किती गाड्या आहेत?"

"आत एकतीस. बाहेरच्या मोजल्या नाहीत."

"दादा, लहानूजीले फोन दे. मी दोन ओळी सांगते. नाही तं तूच टाक न. तुझं भांडण माझ्याशी आहे, त्या लोकायनं काय केलं?"

"त्या लोकांचं मी पाहतो. प्रोग्राम मी सुरू करून देणार नाही. ते तू येऊन कर. सगळ्यांसमोर कर."

"मी येऊन राहिली," कामिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

केबिनमध्ये परत येऊन अश्विनने मनोहररावांना सांगितलं की सकाळची भरलेली वजनं तो डेटाच्या फाइलमधून वाचून देईल, लहानूजींनी पट्ट्या हाताने लिहाव्यात.

"हाताची पट्टी नाही," मनोहरराव म्हणाले. "मांगच्या वेळचं डोकं फुटलेलं विसरले का?"

"प्रत्येक पट्टीवर मी सही करतो. आकडा चुकला तर माझ्याकडे या. पत्ता तुम्हाला माहीत आहे, पुण्याचा नाही."

मनोहररावांनी घड्याळ पाहिलं. "करा," ते म्हणाले. "पण आवाज करून वाचा. ड्रायव्हरले ऐकू गेलं पाहिजे."

अश्विनने डेटाची फाइल आपल्या लॅपटॉपवर घेऊन उघडली. ती कशी वाचायची हे त्याला शोधावं लागलं नाही. कोणत्या खान्यात काय आहे, ते त्यानेच ठरवलं होतं. एकेक गाडी काट्यावर चढली. अश्विन खिडकीतून गाडीचा नंबर आणि सकाळचं वजन मोठ्याने वाचे, लहानूजी डब्यावरचं रिकामं वजन वाचत, वजाबाकी करत, पट्टी लिहीत. ड्रायव्हर खिडकीत तोंड घालून ऐके.

"सकाळी आत बसला होता का बाहेर?" लहानूजी विचारत.

"बाहेर होतो न जी. दिसून नाही राहिलो का? एवढा मोठा मानूस."

"आत्ता दिसून राहिला. सकाळी झोपला होता तू सीटवर."

तिसऱ्या गाडीच्या मालकाने पट्टी उलटसुलट पाहिली. "ही सही कोणाची?"

"याह्यची," लहानूजी अश्विनकडे बोट दाखवून म्हणाले.

"हे कोण होय?"

लहानूजींचं पेन थांबलं. "मशीन याह्यनंच बनवली," ते म्हणाले.

"मंग बंद काहून आहे?"

"तू पट्टी घे आन् चालू लाग."

एकतिसावी गाडी गेटबाहेर पडली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. अश्विनचा हात दुखत होता. मनोहररावांनी चहा पाठवला. तो त्याने अर्धा प्यायला.

कामिनी दहा मिनिटांनी आली. एकटीच, स्कूटीवर, तोंडाला ओढणी बांधलेली. रस्त्याच्या धुळीने ओढणी काळपट झाली होती. तिने ओढणी सोडली, लहानूजींना नमस्कार केला आणि दारातच उभी राहिली. अश्विन खुर्चीवरून उठला. तो एका बाजूला झाला आणि ती बसली.

तिने दोन्ही ओळी तोंडपाठ टाइप केल्या. एकदाही थांबली नाही, एकही अक्षर खोडलं नाही. मग 'काटा' लिहून बटण दाबलं. हिरव्या पाट्या असलेला स्क्रीन उघडला. अश्विनच्या प्रोग्राममध्ये त्या निळ्या होत्या. बाकी सगळं जागच्या जागी होतं. लहानूजींनी बाहेरची पहिली गाडी आत घेतली. नंबर टाकला, वजन पडलं.

"झालं," कामिनी म्हणाली. कोणाला, ते कळलं नाही.

मनोहरराव बाहेर गेले. लहानूजी दुसऱ्या गाडीचा नंबर विचारायला खिडकीत वाकले आणि वाकूनच राहिले.

"धर्मेंद्र कुठे आहे?" अश्विनने विचारलं.

"हिंगणघाटले. तिथं नवीन दोन बसवायच्या आहेत."

"कारखान्यात सुट्टी टाकून?"

"कारखाना सोडला त्यानं. ऑगस्टमध्ये."

"सासूबाईंचं ऑपरेशन?"

कामिनीने माउस हातात घेतला, तो उगाच टेबलावर फिरवला. "पुढच्या वर्षी करायचं आहे," ती म्हणाली.

अश्विनने लॅपटॉप पिशवीत ठेवला. चेन लावली.

"दादा." ती स्क्रीनकडे पाहून बोलत होती. "लाइट पुन्हा जाईल."

"जाईल."

"सातही ठिकाणी मी असंच बसवलं. तू दुसऱ्या दिवशी जाऊन काहीतरी करायचा. काय करायचा?"

"तुला हे आज विचारावंसं वाटलं."

"तू तरी कधी सांगतलं? मले वाटलं, तू जाऊन चहा पिऊन येतो. इलाज तं मीच केलेला असे." तिने मान वळवली. "आता सांग न. सात ठिकाणी लोकं अडकतीन. तुलेच वाईट वाटेल."

ते खरं होतं. त्याला वाईट वाटलं असतं, आणि ते तिला माहीत होतं. आठ वर्षांत त्याच्याबद्दल जे जे तिला कळलं होतं, त्यातलं तिने काहीच वाया घालवलं नव्हतं. प्रोग्राम कुठे ठेवतो, पासवर्ड काय लावतो, कोणाला काय विचारत नाही, आणि कशाचं वाईट वाटून घेतो.

"सातही जणांना आज फोन कर," तो म्हणाला. "मी पुण्याला गेलो नाही, हे सांग. प्रोग्राम कोणाचा आहे तेही सांग. मग मी सातही ठिकाणी स्वतः जातो आणि ते काम करून येतो."

"तसं सांगतलं तं ते आम्हाले ठेवतील का?"

"नाही ठेवणार."

"धर्मेंद्रनं नोकरी सोडली दादा."

"ते तू मला आत्ता सांगितलंस."

खिडकीत वाकलेले लहानूजी सरळ झाले, खाकरले आणि दोघांमधून हात घालून त्यांनी प्रिंटरमधली पट्टी ओढून घेतली. "माफ करा हं ताई," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले.

"मी गूगलवर पाहीन," कामिनी म्हणाली.

"पाहा. मिळेल."

खरंच मिळणार होतं. पाच मिनिटांचं काम होतं ते, कोणालाही करता येण्यासारखं. त्याच्याकडे रोखून धरण्यासारखं काही नव्हतं, आणि हे दोघांनाही त्याच क्षणी कळलं. कामिनीने मोबाइल काढला आणि शोधायला सुरुवात केली. तो दाराबाहेर पडला तेव्हा ती ओठ हलवत, एकेक शब्द लावून वाचत होती.

मोटरसायकलपाशी मनोहरराव उभे होते.

"मी तिले म्हणतो, की तुमचं नाव बी टाक पट्टीवर," ते म्हणाले. "बारीक अक्षरात का होईना."

"नको."

"वकिलाकडे जाऊ नका मातर. घरची गोष्ट चव्हाट्यावर येते."

"घरची गोष्ट पेढे वाटून सांगितली होती मनोहरराव. चव्हाट्यावर आणायचं काय राहिलं?"

मनोहररावांनी हात जोडले. ते निरोपाचे होते की दुसरे कशाचे, ते ठरवणं अवघड होतं.

परतताना त्याने वाटेत दोनदा गाडी थांबवली. ज्या दोन जिनिंगांमधून या हंगामात फोन आले होते, त्या दोघांना त्याने फोन केला. पहिल्याने सांगितलं की धर्मेंद्र त्याच्याकडेही येऊन गेला होता, पण त्याला मशीन बदलायचा कंटाळा आला. दुसऱ्याने विचारलं, "पुण्याले केव्हा जाणार मंग?"

घरी पोचायला साडेतीन झाले. सुभद्राबाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. तो हातपाय धुऊन बसला.

"काहून एवढा उशीर केला गा?" त्यांनी विचारलं.

"कामिनीची मशीन बंद पडली होती."

सुभद्राबाईंनी पोळी वाढली. वाटीत वरण ओतलं, पातेल्यावर झाकण ठेवलं.

"झाली का चालू?"

कामिनीची कोणती मशीन, तिच्याकडे मशीन कधीपासून आली, हे त्यांनी विचारलं नाही. अश्विनने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पोळ्यांचा डबा बंद करत होत्या. झाकण एका बाजूने बसत नव्हतं. त्यांनी ते काढलं, फिरवलं आणि पुन्हा दाबलं.

"झाली," तो म्हणाला.